बारक्या बाळाचं बाळंतपण

आमच्या गल्लीत आठवा महिना लागलेल्या सुनेला दुसरी भाकरी वाढू नये असं मानणारी घरं अजून आहेत. शाळूची भाकरी, शेंगाची चटणी, आणि सासूचा आखडलेला हात. त्यात दुष्टावा नसतो. "बाळ लई मोठं झालं तर पोट फाडतील, बारकं असलं की पटकन सुटका होतीय," हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं असतं आणि ती ते मायेपोटीच पुढं चालवत असते.

मी तीस वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते. त्यातली निम्मी वर्षं प्रसूतिकक्षात गेली, उरलेली गर्भवतींच्या ओपीडीत आणि वॉर्डात. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगते, ही समजूत नेमकी उलटी आहे. पोटात वाढ खुंटलेल्या बाळाला कळा सोसवत नाहीत आणि त्याच्या आईवर सिझरची वेळ जास्त येते. दुसरी समजूत शिकलेल्या घरांत भेटते. सोनोग्राफीच्या कागदावर 'वाढ कमी' असं आलं की सिझर ठरलंच, आता फक्त तारीख काढायची. तीही चूक आहे. सोलापुरात सिझरवर वाद होतो तेव्हा एक बाजू म्हणते, डॉक्टर पैशासाठी कापतात. दुसरी म्हणते, डॉक्टर म्हणाले म्हणजे बाळ धोक्यात असणारच. या भांडणात बारक्या बाळाची आई कुठंच नसते. तिच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं आणि वारेकडं, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवाकडं, जाणारं रक्त तेवढ्या वेळापुरतं कमी होतं. कळ ओसरली की ते पुन्हा वाहू लागतं. पहिलटकरणीला असं तासन्‌तास चालतं. ज्याच्या गच्चीवर भरलेली टाकी आहे त्याला सोलापुरात चार दिवस नळ आला नाही तरी जाणवत नाही. ज्याच्या घरात अर्धं पिंप आहे त्याचे दुसऱ्या दिवशीच हाल सुरू होतात. वार धड असलेल्या बाळाजवळ भरलेली टाकी असते. वाढ खुंटलेलं बाळ अर्ध्या पिंपावर कळा काढत असतं. त्याच्या हृदयाचे ठोके लवकर पडतात, म्हणजे मंदावतात. त्याच्याभोवतीचं पाणी बहुतेक वेळा कमी असतं, त्यामुळं नाळही दाबली जाते. आणि ठोके पडून सावरत नाहीत असं दिसलं की डॉक्टरांनी पोट उघडणं हेच योग्य असतं. अशा वेळी झालेल्या सिझरला मी कधी नावं ठेवली नाहीत, ठेवणारही नाही.

पण बारीक असणं आणि खुंटणं यांत फरक आहे. एकाच आठवड्याची शंभर बाळं वजनाच्या क्रमानं उभी केली तर तळाच्या दहांना वैद्यकशास्त्र 'लहान' म्हणतं. त्यातली बरीच बाळं ठणठणीत असतात. आई पाच फुटांच्या आत, बाप किडकिडीत, मग बाळ साडेतीन किलोचं कुठून येणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयानं आसपासच्या सहा गावांत १९९३ पासून केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच होतं. त्यात लहानखुरी पण निरोगी अशी बाळं असतातच. उलट खरोखर खुंटलेलं बाळ म्हणजे ज्याला आणखी वाढायचं होतं पण वारेनं पुरवठा केला नाही असं बाळ. तळाच्या तीनांत ते असेल, किंवा मागच्या तपासणीपासून त्याची रेघ वर चढायची थांबली असेल, तर काळजी खरी.

हा फरक वजनाच्या एका आकड्यावरून कळत नाही. सोनोग्राफीतल्या वजनात दहा-पंधरा टक्क्यांची चूक नेहमीचीच. कागदावर २२०० ग्रॅम लिहिलेलं बाळ १९०० चंही असू शकतं आणि २५०० चंही. त्यात ज्याच्याशी वजन ताडायचं तो वाढीचा तक्ता कुणाचा हाही प्रश्न आहे. जगभर वापरला जाणारा एक तक्ता १९९१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ३९२ बायकांवरून बनवलेला आहे, त्याही बहुतांशी गोऱ्या आणि मध्यमवर्गीय. तो आमच्या अक्कलकोटच्या पोरीला लावायचा का? पुढं २०१४ मध्ये आठ देशांतल्या गर्भवतींवरून नवा तक्ता आला. त्या आठांत भारतातून आपलं नागपूर होतं. या अभ्यासानं दाखवलं की आई खाऊनपिऊन निरोगी असेल, तर नागपूरचं बाळही पोटात बरंचसं ऑक्सफर्डच्या बाळासारखं वाढतं. हे लक्षात ठेवावं, कारण "आमच्याकडची बाळं अशीच बारकी" हा दिलासासुद्धा घातक ठरू शकतो.

फरक सांगते ती नाळेची डॉप्लर तपासणी, म्हणजे नाळेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. बाळाच्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातही नाळेतलं रक्त पुढं वाहत असेल तर वार अजून तग धरून आहे. विसाव्यात तो प्रवाह थांबत असेल तर बाळाला पोटात फार दिवस ठेवता येत नाही, आणि उलटा फिरत असेल तर त्याहून कमी. आणि या सगळ्याच्या मुळाशी तारीख. शेवटची पाळी विचारली की आमच्याकडं उत्तर येतं, "गड्ड्याच्या यात्रेनंतर कधीतरी." पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत आठवड्यांचा अंदाज फार तर आठवडाभर चुकतो. तीच सोनोग्राफी नवव्या महिन्यात पहिल्यांदा केली तर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. मग पाळीच्या चुकीच्या तारखेवरून ३४ आठवड्यांचं चांगलं बाळ ३७ आठवड्यांचं खुंटलेलं बाळ ठरतं, घाईनं कळा आणल्या जातात, कच्चं गर्भाशयाचं तोंड उघडत नाही आणि सिझर होतं. बाळ जन्मतं ते वेळेआधीचं. असं होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नव्हे.

दिवस भरत आलेले असताना वाढ खुंटल्याचा संशय आला तर काय करावं, यावर नेदरलँड्समध्ये मोठा अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ आठवड्यांपुढच्या ६५० बायका त्यात होत्या. निम्म्यांना लगेच कळा आणल्या, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवून वाट पाहिली. दोन्ही गटांत सिझर शंभरात चौदाच्या आसपास, आणि बाळांच्या तब्येतीतही म्हणावा असा फरक नाही. म्हणजे दिवस भरत आलेली, वाढ खुंटल्याचा संशय असलेली शंभरातली ८६ बाळं खालून आली. आपल्या नागपुरात दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायकांना कळा आणण्यासाठी एका बाजूला गर्भाशयाच्या तोंडात घालायचा फुगा आणि दुसऱ्या बाजूला गिळायची गोळी वापरून पाहिली, तो अभ्यास २०१७ चा. गोळीनं शंभरात ५७ आणि फुग्यानं ४७ जणी चोवीस तासांच्या आत नॉर्मल बाळंत झाल्या. वाढ खुंटलेल्या बाळासाठी कळा एकावर एक येऊ नयेत म्हणून बरेच डॉक्टर फुगा पसंत करतात. तो निर्णय त्यांचा. मला यातून घ्यायचं ते एवढंच की जोखमीच्या बायकांनाही कळा आणून खालून बाळंत करणं आपल्याच राज्यातल्या, आपल्यासारख्याच गर्दीच्या सरकारी वॉर्डात जमलेलं आहे.

मग आपल्याकडं 'वाढ कमी' या दोन शब्दांवर इतकी सिझर का होतात?

माझं उत्तर प्रसूतिकक्षातलं आहे. अशा बाईला कळा सुरू असताना बाळाचे ठोके यंत्रावर सतत दिसत राहायला हवेत. यंत्र नसेल तर दर पंधरा मिनिटांनी, आणि बाळ खाली सरकू लागलं की दर पाच मिनिटांनी, कळ ओसरल्याबरोबर पोटाला कान लावून ठोके मोजायचे. तेही पूर्ण मिनिटभर. ११० ते १६० च्या मध्ये आहेत का, कळेनंतर पडतात का, पडले तर किती वेळात सावरतात, हे सगळं लिहायचं. आता रात्रीची ड्यूटी डोळ्यांसमोर आणा. दोन सिस्टर, आठ खाटा, एक बाई ओली बाळंतीण आणि तिचं रक्त थांबत नाही, दुसरी टेबलावर, तिसरी नुकतीच करमाळ्याकडून रुग्णवाहिकेतून उतरलेली. अशा रात्री कोपऱ्यातल्या बारक्या बाळाचे ठोके दर पंधरा मिनिटांनी कोण ऐकणार? मी प्रयत्न केला आहे. पाऊण तास गेल्यावर लक्षात यायचं की त्या खाटेकडं आपण फिरकलोच नाही, आणि पोटात गोळा यायचा. डॉक्टरांनाही हे दिसतं. मग संध्याकाळी सातलाच ते म्हणतात, घ्या थिएटरला. त्यांची चूक म्हणू का? त्या रात्री, तेवढ्या माणसांत, तोच कदाचित शहाणपणाचा निर्णय असतो. पण त्या सिझरचं खरं कारण बाळ नसतं. जी सिस्टर नेमलीच गेली नाही तिच्या जागी ते सिझर केलेलं असतं.

माझं म्हणणं हे आहे. बारक्या बाळाच्या बाबतीत पुष्कळ सिझर ही न ठेवलेल्या लक्षाची किंमत आहे, आणि ती आईच्या पोटातून वसूल होते. खासगीत हिशोब वेगळा दिसतो, पण मूळ तेच. एकट्या डॉक्टरचं बारा खाटांचं नर्सिंग होम, भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येणार, रात्री शिकाऊ मुलगी ड्यूटीवर. भूलतज्ज्ञ पहाटे तीनला मिळेल याची खात्री नसेल तर डॉक्टर दुपारी तीनलाच सिझर उरकतात. सगळे पैशासाठीच करतात असं मी म्हणणार नाही. काही करतात, तेही मला ठाऊक आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सिझरनं झाली. सरकारी रुग्णालयांत १४.३, खासगीत ४७.४. महाराष्ट्र २५.४ वर होता. हे आकडे छापून आले की आठवडाभर आरडाओरडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली होती, ती अजून लोक घोकतात. त्याच संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की ठरावीक टक्का गाठण्याच्या मागं लागू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळेल याची खात्री करा. आणि सिझरचा हिशोब ठेवायचाच तर सगळ्या बायका दहा गटांत वाटून ठेवा. पहिलटकरीण की आधीची बाळंत, किती आठवडे, कळा आपसूक की आणलेल्या, बाळ डोक्याकडून की नाही, अशा निकषांवर. पद्धत चांगली आहे. पण त्या दहा गटांत 'वाढ खुंटलेलं बाळ' असा गटच नाही. या बायका चार-पाच गटांत विखुरल्या जातात आणि कुणाच्याच नजरेत येत नाहीत. म्हणून नुसत्या टक्क्यांची चौकशी करणाऱ्या समित्यांवर माझा भरवसा नाही. टक्का खाली आणण्याची सक्ती झाली तर पहिला बळी याच बाळांचा जाईल. ज्या रात्री सिझर हवं होतं त्या रात्री कुणीतरी आकड्याकडं बघून अर्धा तास थांबेल.

नातेवाइकांच्या रागाबद्दलही बोलायला हवं, कारण आपण सगळे त्यात आहोत. सिझर केलं म्हणून डॉक्टरची कॉलर धरलेली मी पाहिली नाही. सिझर केलं नाही म्हणून मात्र काचा फुटल्या. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यानं २०१० मध्ये कायदा केला, तो का करावा लागला हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कळा सोसू देणाऱ्या डॉक्टरच्या मागं उभं राहणारं कुणी नसेल तर तो थांबणार कशाला? नातेवाइकांना आधीच, कळा सुरू होण्यापूर्वी, बसवून सांगायला हवं की बाळ बारीक आहे, डॉप्लर चांगलं आहे, आपण कळा आणून बघू, ठोके पडले तर अर्ध्या तासात सिझर करू. असं सांगितलेली माणसं मी शांत बसलेली पाहिली आहेत. आणि सांगायचं ते त्यांच्या भाषेत. सोलापुरात हे विशेष करून सांगावं लागतं. कळा वाढल्या की बाई मराठी विसरते. एका खाटेवरून तेलुगू "अम्मा" ऐकू येतं, दुसऱ्या खाटेवरून कानडी "अव्वा". डाव्या कुशीवर वळ, श्वास घे, एवढं तेलुगूत सांगू शकणारी सिस्टर खोलीत असली की अर्धी भीती कमी होते. मी पंचवीस शब्द शिकले होते. ते पुरायचे.

एक प्रकार वेगळा ठेवते. २८, ३०, ३२ आठवड्यांतच ज्यांची वाढ थांबते, सोबत आईचा रक्तदाब चढलेला असतो आणि नाळेतला प्रवाह बंद पडू लागलेला असतो, त्या बाळांचा जन्म बहुतेक वेळा सिझरनंच होतो आणि व्हायला हवा. तिथं वाद कधी करायचं याचा असतो. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायला वेळ मिळतो का, जवळ नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष आहे का. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूर शंभर किलोमीटरपेक्षा लांब आहे. हे बाळ पोटात असतानाच आईला सोलापूरला आणायला हवं. जन्मल्यावर रुग्णवाहिकेत काचेच्या पेटीतून आणलेल्या आणि पोटात असताना आणलेल्या बाळांतला फरक आम्ही सिस्टर नुसत्या हात लावून सांगायचो.

"जाऊ दे, सिझर तर सिझर, बाळ वाचलं ना," असं म्हणणाऱ्यांना पुढची गोष्ट सांगितलेली नसते. एका सिझरनंतर पुढच्या गर्भाची वार जुन्या वणावर, खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी बसली तर ती आत रुतण्याचा धोका असतो. वार अशी खाली बसलेल्या बाईत तो धोका तिचं हे पहिलंच सिझर असेल तर शंभरात ३, दुसरं असेल तर ११, तिसरं असेल तर ४०. रुतलेली वार सोडवताना बाई रक्तस्रावानं दगावू शकते, बऱ्याचदा गर्भाशयच काढावं लागतं. आणि फार लवकर केलेल्या सिझरमध्ये कधी कधी गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा छेद घ्यावा लागतो. त्या बाईला पुन्हा कळा सोसू देणं धोक्याचं. शहरातली बाई दोन मुलांवर थांबते, तिचं निभावून जातं. पण जिला पहिली मुलगी झाली आणि घराला मुलगा हवा आहे, ती दीड वर्षात पुन्हा पोटुशी राहते. तिला पहिलं सिझर विनाकारण झालेलं असेल तर त्याचा हिशोब तिसऱ्या बाळंतपणात होतो, आणि तेव्हा पहिल्याची आठवणही कुणी काढत नाही.

आता माझ्या मनावरचं एक ओझं. कोणतं रुग्णालय ते सांगत नाही. एका पहिलटकरणीला रात्री कळा देत आणलं, ३७ आठवडे. विड्या वळणारी, हडकुळी पोर. पोटावर हात ठेवला तेव्हाच कळलं. अर्ध्या तासात ठोके ८० वर आले आणि सावरेनात. सिझर झालं. बाळ १७०० ग्रॅमचं, हिरव्या पाण्यात लडबडलेलं. वाचलं, पण एकोणीस दिवस काचेत होतं. पहाटे नोंदी करताना मी तिचं कार्ड उलगडलं. पोटाची उंची टेपनं मोजून लिहिलेली होती: २८ व्या आठवड्याला २७ सेंटिमीटर, ३१ व्या आठवड्याला २८, ३४ व्या आठवड्याला २८. सहाव्या महिन्यानंतर साधारणपणे जितके आठवडे तितके सेंटिमीटर असतात, दोन-तीनचा फरक चालतो. तीन वेळा टेप लावली, तीन वेगवेगळ्या हातांनी आकडे लिहिले, आणि ते एकाखाली एक वाचले कुणीच नाहीत. मधला २८ माझ्या अक्षरात होता.

त्या दिवशी ओपीडीत दीडशे बायका होत्या, हे कारण मी स्वतःला अनेकदा दिलं. ते खरंही आहे. पण ३१ व्या आठवड्याला तो आकडा मी मागच्या आकड्याशी ताडून पाहिला असता तर डॉप्लर झालं असतं, ती पोर रोज बाळाच्या हालचाली मोजत बसली असती, कदाचित ३७ व्या आठवड्याला दिवसाढवळ्या, यंत्र लावून, तयारीनिशी कळा आणता आल्या असत्या. कदाचित तरीही सिझर झालं असतं. पण रात्री दोनला धावत झालं नसतं.

बारक्या बाळाचं सिझर कळांच्या रात्री ठरतं असं वाटतं, पण त्याची सुरुवात फार आधी झालेली असते. आपल्या जिल्ह्यात ती कुठं होते हे आपल्याला माहीत आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या विडी कामगार बायका, हजार विड्यांच्या मजुरीवर. बसून पाय सुजले तरी उठता येत नाही कारण हजार भरायचे असतात. सकाळी दात घासायच्या निमित्तानं मशेरी लावणाऱ्या बायका, ज्यांना ती तंबाखू वाटतच नाही. मुंबईत १२१७ गर्भवतींचा अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली. अडीच किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम थोडे नाहीत. हंगामात बीडकडून माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडात येणारी ऊसतोड मजूर बाई सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते. तिचं कार्ड गावाकडच्या आरोग्य केंद्रात अर्धं भरलेलं, इथल्या केंद्रात तिचं नाव नाही. तिची तीन मापं एकाखाली एक लिहिलीच जात नाहीत, मग वाचणार कोण?

योजना नाहीत असं नाही. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझर मोफत आहे, येण्याजाण्याची गाडीसुद्धा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते. लिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा हवाच, त्यात सैल सोडू नये. पण बाळाची वाढ आणि डॉप्लर पाहायला तो कायदा कुठंही आडवा येत नाही, त्याच्या नावानं ही तपासणी टाळली जाऊ नये. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी तरी डॉप्लर करणारा माणूस बसावा, त्याची तारीख आशाताईंच्या तोंडी असावी. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकू नये. ऊसतोड बाईचं कार्ड तिच्यासोबत फिरावं आणि ती जिथं उतरेल तिथल्या सिस्टरनं ते मागून घ्यावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रसूतिकक्षात माणूस. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये परिचारिकांना दीड वर्षाचं सुईणीचं खास शिक्षण देण्याचं धोरण आणलं. अशा शिकलेल्या सुईणी सोलापूरच्या सिव्हिलला, महापालिकेच्या प्रसूतिगृहांना, उपजिल्हा रुग्णालयांना किती मिळाल्या, हे आपल्या आमदारांना आणि नगरसेवकांना विचारा. नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला सगळे येतात. रात्रपाळीच्या सिस्टरच्या नेमणुकीचा नारळ कुणी फोडलेला मी पाहिला नाही.

सासवांना मी एवढंच सांगते की पोरीला पोटभर वाढा. दूध, पालेभाजी, फळ जमेल तसं द्या. पुण्याच्या त्या सहा गावांतही हे खाणाऱ्या आयांची बाळं जास्त भरलेली निघाली. भाकरीनं बाळ अडत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखान्यात या.

आणि डॉक्टरांकडं एक मागणं आहे, त्याला ना यंत्र लागतं ना निधी. सिझर झालेली बाई घरी जाते तेव्हा तिच्या डिस्चार्जच्या कागदावर कारण म्हणून इंग्रजी अक्षरांचं एक-दोन शब्दांचं लघुरूप असतं. तिला विचारलं, सिझर का झालं, तर ती म्हणते, "पाणी कमी होतं," नाहीतर "काय माहिती, डॉक्टर म्हणाले." पुढच्या खेपेला ती दुसऱ्याच दवाखान्यात जाते. तिथल्या डॉक्टरला कळत नाही की पुन्हा वाढ खुंटण्याचा धोका आहे, की सोळाव्या आठवड्याच्या आत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करण्याचा विचार करायला हवा होता, की यावेळी खालून प्रयत्न करता येईल की नाही. कागद मुका असतो, म्हणून मग पुन्हा सिझर. त्या कागदावर मराठीत असं लिहा: "३७ आठवडे. बाळाची वाढ खुंटलेली, नाळेतला प्रवाह चांगला होता. फुगा घालून कळा आणल्या. सात तासांनी ठोके ८० वर आले, सावरले नाहीत, म्हणून सिझर. छेद खालचा, आडवा. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच या, हा कागद घेऊन या." लिहायला दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे.